साडेसात किलोवॅटचा शॉवर आणि जुन्या घराची वायर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. घर चाळीसेक वर्षांचं. बाथरूममध्ये गीझरसाठी १६ अँपचा पॉइंट आहे आणि त्यावर दोन किलोवॅटचा टाकीवाला गीझर कित्येक वर्षं बिनतक्रार चालला. आता तुम्ही ७.५ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर आणलाय. वायरमन म्हणतो, ‘पॉइंट तयारच आहे, एमसीबी तेवढा मोठा टाकतो, अर्ध्या तासात काम होईल.’ आणि तुम्ही विचारताय, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) ३२ अँपचा घ्यावा की ४०चा.

त्या वायरवर दोन्ही नकोत. एमसीबी हा भिंतीतल्या वायरचा राखणदार असतो, शॉवरचा नाही. शॉवर किती अँप ओढणार त्यावरून वायर ठरते आणि वायर किती सोसणार त्यावरून एमसीबी ठरतो. तुमच्या वायरमनने मधला टप्पाच गाळलाय. एमसीबी ट्रिप होतो म्हणून मोठा एमसीबी टाकणं म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्यालाच बांधून ठेवणं.

हिशेब बघा. २३० व्होल्टवर दोन किलोवॅटचा गीझर ८.७ अँप घेतो. साडेसात किलोवॅटचा शॉवर घेतो ३२.६ अँप. प्रवाह पावणेचार पट झाला. पण वायरमध्ये तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती चौदा पट झाली. तुमच्या १६ अँपच्या पॉइंटला बहुधा २.५ एमएमची, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर छेदाची, वायर असेल. कंड्यूटमधली, म्हणजे भिंतीतल्या नळीतली, २.५ एमएमची तांब्याची पीव्हीसी वायर ३० अंश तापमानात साधारण २४ अँप वाहते, तीसुद्धा नवी असताना. म्हणून ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा दाखला इथे उपयोगाचा नाही. इतकी वर्षं त्या वायरने एक तृतीयांश ओझं वाहिलं, एवढाच त्याचा अर्थ.

एकदा ‘बाथरूममध्ये जळका वास येतो, पण काही जळलेलं दिसत नाही’ म्हणून मला बोलावलं होतं. तिथे गीझर काढून मोठा हीटर लावला होता आणि एमसीबी १६चा काढून ३२चा टाकला होता. मी आधी एमसीबीवर हात ठेवला, तो गार. मग मेन बंद करून सॉकेटची प्लेट उघडली. फेजच्या भोकाची कड तपकिरी पडलेली, आतला टर्मिनलचा स्क्रू निळसर झालेला आणि त्याच्यामागे दोन बोटं लांबीपर्यंत लाल वायर चॉकलेटी झालेली. नखाने जरा दाबली तर इन्सुलेशनचा टवका उडून हातात आला. एमसीबीचा यात काहीच दोष नव्हता. त्याला ३२ अँपपर्यंत गप्प बसायला सांगितलं होतं आणि तो गप्प बसला होता.

सैल जोड किती तापतो हेही सांगून ठेवतो, कारण निम्म्याहून अधिक जळालेली कामं मी वायरच्या मधे नाही, टोकाला पाहिली आहेत. टर्मिनलमध्ये नुसता ०.०५ ओहमचा फालतू रोध शिल्लक राहिला आणि त्यातून ३३ अँप गेले, तर तिथे ५४ वॅट उष्णता तयार होते. नखाएवढ्या जागेत दोन सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. दोन किलोवॅटच्या गीझरला त्याच जोडात चार वॅटही तयार होत नव्हते, म्हणून तो दोष कधी दिसला नाही.

आता तुमच्या घरात नेमकं काय करावं हे काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत: मीटरची क्षमता, मंजूर भार, सिंगल फेज की थ्री फेज, मेन बोर्डापासून बाथरूमचं अंतर, भिंतीतली वायर कोणत्या काळातली आहे आणि अर्थिंग खरोखर आहे की नुसतं आहे असं वाटतं. पण त्याआधी एक प्रश्न विजेचा नाही, पाण्याचा आहे, आणि तो विचारायचा राहिला की सगळी वायरिंग वाया जाते.

इलेक्ट्रिक शॉवरला पाण्याचा किमान दाब लागतो. पाण्याचा प्रवाह कमी असेल तर आतला स्विच कॉइल चालूच करत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर पाणी उकळेल. हा किमान दाब शॉवरसोबतच्या कागदावर लिहिलेला असतो, बऱ्याचदा एक बारच्या आसपास. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर दहा मीटर उंचीला साधारण एक बार धरा. टाकी शॉवरच्या तोंडापासून तीन मीटर वर असेल तर तुम्हाला ०.३ बारच मिळणार. मग एकतर प्रेशर पंप बसवा, नाहीतर शॉवर परत करा. म्हणून वायर विकत घ्यायच्या आधी कागद वाचा.

हे जमत असेल तर मीटरपासून सुरुवात करू.

एकट्या शॉवरला ३३ अँप. घराचा मेन ४० अँपचा असेल तर उरले सात. दीड टनी एसी, इस्त्री आणि मिक्सर एकदम चालू झाले की मेन उडू शकतो. अंगाला साबण लागलेला असताना आख्खं घर अंधारात जातं, आणि मग तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी मेनही मोठा टाकतो. मीटरपासून मेनपर्यंतची वायर मात्र तीच जुनी राहते. म्हणजे जी चूक बाथरूममध्ये व्हायची ती आता घराच्या दारात झाली. म्हणून आधी मंजूर भार बघा, वीज कंपनीकडे तो वाढवून मागा आणि मीटरपासून मेनपर्यंतची वायर त्या भाराला पुरते का हे मोजून घ्या. पुरत नसेल तर तीही बदलावी लागेल. भार वाढवणं शक्यच नसेल तर मी दोन जड उपकरणांमध्ये चेंजओव्हर टाकतो, म्हणजे एका वेळी शॉवर तरी चालेल नाहीतर एसी. लोक सुरुवातीला कुरकुरतात, महिन्याभरात विसरून जातात.

थ्री फेज मीटर असेल तर मोकळीक जास्त मिळते, पण शॉवर सिंगल फेजचा असेल तर त्याचे ३३ अँप एकाच फेजवर येतात. ज्या फेजवर आधीच एसी किंवा पंप आहे ती सोडून दुसरी निवडायची. न्यूट्रलही त्याच मापाची स्वतंत्र ओढायची, शेजारच्या सर्किटकडून उसनी घ्यायची नाही. थ्री फेज घरात मेन न्यूट्रल सैल असेल तर कमी भाराच्या फेजवरचा व्होल्टेज २३०च्या बराच वर चढतो आणि टीव्ही-फ्रिज जातात. जड शॉवर जोडायच्या दिवशी मेन न्यूट्रलचा बोल्ट उघडून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

भिंतीतल्या जुन्या वायरचं काय करायचं? माझं उत्तर नेहमी एकच: तिला हात लावू नका, शॉवरसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र नवी लाइन ओढा. मधे कुठेही सॉकेट नाही, दिवा नाही, एक्झॉस्ट फॅन नाही. जोडसुद्धा नाही. एका अखंड तुकड्यात बोर्ड ते स्विच, स्विच ते शॉवर.

जुन्या वायरबद्दल मी इतका कडक का, ते सांगतो. फार जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांवर किंवा केसिंगमध्ये रबराची वायर असते. त्या काळी ३/२०, ७/२० अशा नंबरांनी वायर मागत. पहिला आकडा तारांचा, दुसरा गेजचा. ३/२० म्हणजे वीस गेजच्या तीन तारा, क्षेत्रफळ जेमतेम दोन एमएम. तांबं आजही चांगलं निघतं, गेलेलं असतं ते रबर. ते वाळून ठिसूळ होतं आणि नुसतं वाकवलं तरी भुगा होऊन पडतं. अशा बोर्डात नवीन जोड द्यायला गेलात की एकाऐवजी चार वायरी उघड्या पडतात. तुमच्या घराच्या वयाकडे पाहता रबर नसेल, पण अ‍ॅल्युमिनियमची वायर असू शकते. रंग पांढरट, हलकी, दोन-चारदा वाकवली की तुटणारी. त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे पाऊणपटच प्रवाह ती वाहते. पण तिची खरी अडचण टोकाला असते. स्क्रूखाली दाबलेलं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू पसरतं, जोड सैल होतो, वर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही. त्याला तांब्याची वायर नुसती पीळ मारून जोडली आणि तिथे बाथरूमची ओल पोचली, तर तो जोड टिकणारच नाही.

नवी वायर किती एमएमची? इथे वायरमंडळींमध्येही दोन मतं आहेत, म्हणून आकडे देतो. ३२.६ अँपच्या भाराला ३२चा एमसीबी अपुरा, म्हणजे ४०चा आला. आता वायर अशी हवी की भिंतीत, उन्हाळ्यातही, ती ४० अँप सोसेल. ६ एमएमची तांब्याची पीव्हीसी वायर कंड्यूटमध्ये ३० अंशांना ४१ अँप वाहते. कागदावर जमलं. पण सभोवतालचं तापमान ४० अंश धरलं तर ०.८७ने गुणायचं, उरले ३६. म्हणजे एमसीबी ४० अँपपर्यंत गप्प बसणार आणि वायर ३६वर दमणार. हाच तो तुमच्या वायरमनचा घोटाळा, फक्त छोट्या मापात. १० एमएमची वायर ५७ अँप वाहते, ४० अंशांना सुमारे ५०. म्हणून साडेसात आणि साडेआठ किलोवॅटला मी सरळ १० एमएम टाकतो. ६ एमएमवरही पुष्कळ शॉवर चालू आहेत, गार हवेत आणि छोट्या अंतरावर ते चालतीलही, पण भिंत फोडायचा त्रास एकदाच काढायचा असेल तर वायरमध्ये कंजुषी कशाला? साडेनऊ किलोवॅटचा शॉवर ४१ अँप मागतो. तिथे एमसीबी ५०चा लागतो, म्हणून गरम हवेत मी १६ एमएमचा विचार करतो. त्याआधी शॉवरच्या टर्मिनलमध्ये एवढी जाड वायर बसते का ते बघायला हवं. बसत नसेल तर दोन-चार तारा कापून बसवणारे लोक आहेत. तसं करू देऊ नका.

अंतराचा मुद्दाही यातच येतो. वीस मीटर लांबीच्या २.५ एमएमच्या वायरवर ३३ अँप टाकले तर जवळपास १२ व्होल्ट वाटेतच जातात. १० एमएमवर तीनच्या आत. ते हरवलेले व्होल्ट म्हणजे भिंतीत तयार झालेली उष्णता, ज्याचं बिल तुम्ही भरताय.

इथे एक गैरसमज हमखास निघतो: ‘आमच्याकडे व्होल्टेज कमी असतो, मग शॉवर जास्त अँप ओढेल.’ मोटरचं तसं होतं, हीटरचं नाही. कॉइलचा रोध जवळपास ठरलेला असतो, त्यामुळे व्होल्टेज उतरला की प्रवाहही उतरतो. २०० व्होल्टवर तुमचा साडेसातचा शॉवर सुमारे २८ अँप घेईल आणि साडेपाच किलोवॅटच्या आसपास काम करेल. धोका नाही, पाणी मात्र कोमट. त्यासाठी स्टॅबिलायझरच्या मागे लागू नका, पाण्याची धार थोडी बारीक करा.

आता अर्थिंग. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण वायर चुकली तर आधी वास येतो, इथे चुकलं तर वास येत नाही.

जुन्या घरात अर्थिंगची चौकशी केली की ‘आहे ना, पाइपला जोडलंय’ असं उत्तर मिळतं. लोखंडी पाण्याचा पाइप जमिनीत जात होता तोवर ते कसंबसं चालून गेलं. मग कधीतरी प्लंबर आला, खालचा सडलेला तुकडा कापला आणि प्लास्टिकचा पाइप घातला. त्या दिवशी घराचं अर्थिंग संपलं आणि कुणाला कळलंही नाही. त्याहून वाईट म्हणजे वरचा लोखंडी तुकडा आता अधांतरी आहे आणि घरातल्या सगळ्या उपकरणांच्या हिरव्या वायरी त्याला जोडलेल्या आहेत. एका उपकरणात लीकेज झालं की बाथरूमचा नळ जिवंत. नळाला झिणझिण्या येतात अशी तक्रार आली की मी आधी प्लंबरचं काम कधी झालं ते विचारतो.

दुसरा प्रकार याहून घातक. अर्थ मिळत नाही म्हणून काही जण उपकरणाच्या जागीच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडतात. टेस्ट लॅम्प लख्ख लागतो, सगळे खूश. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी कॉइलमधून आलेली फेज सरळ शॉवरच्या धातूवर आणि तिथून पाण्यात. तुमच्याकडे असा जोड सापडला तर शॉवर जोडायच्या आधी तो काढलाच पाहिजे, यावर चर्चा नको.

टेस्ट लॅम्पचं नाव निघालं म्हणून सांगतो. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून अर्थिंग तपासण्याची पद्धत आहे. अर्थिंगचा रोध शंभर ओहम असला, म्हणजे अगदी टाकाऊ असलं, तरी त्या बल्बला दोनशेच्या जवळपास व्होल्ट मिळतात. डोळ्यांना फरक कळणार नाही. मल्टिमीटर तर त्याहून फसवा, त्याच्यातून जवळजवळ प्रवाहच जात नाही, म्हणून तो २३० दाखवून मोकळा होतो. अर्थ टेस्टरने किंवा लूप टेस्टरने मोजलेला आकडा हवा.

समजा मोजलं आणि पाच ओहम आलं. खड्डा घेऊन, पाइप पुरून केलेल्या घरगुती अर्थिंगला हा आकडा वाईट म्हणत नाहीत. आता शॉवरच्या आत फेज धातूला चिकटली. प्रवाह किती जाईल? २३० भागिले पाच, म्हणजे ४६ अँप. तुमचा एमसीबी ४०चा. एमसीबीच्या मानकाप्रमाणे ठरलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला, म्हणजे ४५ अँपपर्यंत, त्याने तासभर ट्रिप होऊच नये आणि १.४५ पटीला, म्हणजे ५८ अँपला, तासाभरात ट्रिप व्हावं. ४६ अँपला तो कदाचित तासभर तसाच बसेल. तेवढा वेळ शॉवरचं अंग जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर असेल, अर्थिंग ‘चांगलं’ असूनही. हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मीही दोनदा आकडे तपासले होते.

म्हणून आरसीसीबी, ३० मिलिअँपचा. त्याला अँपच्या ओझ्याशी घेणंदेणं नाही. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला का एवढंच तो बघतो, आणि तीस हजारांश अँपची तूट पडली की सेकंदाच्या अंशात तोडतो. ओल्या अंगाचा रोध खूप कमी असतो, त्यामुळे बाथरूममध्ये याला पर्याय नाही. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी काम करतो, पण मग ती तूट पडण्यासाठी आधी कुणाच्या तरी अंगातून प्रवाह जावा लागतो. अर्थिंग असेल तर लीकेज झाल्या क्षणी, कुणी हात लावायच्या आधीच, तो तोडतो. दोन्ही हवेत ते यासाठी. आरसीसीबी ओव्हरलोडला ट्रिप होत नाही, म्हणून एमसीबीही वेगळा हवाच. आरसीसीबीचा स्वतःचा आकडा एमसीबीपेक्षा कमी नको. इथे ४०चा चालतो, मी ६३चा घेतो.

जुन्या घरात आख्ख्या मेनवर एकच आरसीसीबी टाकला तर तो बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी छळायला लागतो. कुठेतरी दोन सर्किटांची न्यूट्रल एकत्र केलेली असते, कुठे ओलसर भिंतीत थोडं थोडं लीकेज असतं. मग चिडून कुणीतरी त्याला बायपास करतं आणि सगळीच सुरक्षा जाते. शॉवरच्या स्वतंत्र लाइनवर स्वतंत्र आरसीसीबी टाकला की ही कटकट उरत नाही. बाकी घराचे दोष सावकाश, एकेक सर्किट मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासून काढता येतात. आणि हो, आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते दर महिन्याला दाबा. वर्षानुवर्षं न दाबलेला आरसीसीबी ऐन वेळी अडकून बसलेला मी पाहिलाय.

बाथरूममध्ये धातूचे पाइप किंवा खिडकीची लोखंडी चौकट हाताच्या टप्प्यात असेल तर त्यांनाही हिरव्या वायरने एकमेकांशी आणि अर्थशी जोडून घ्या. दोन धातू व्होल्टेजच्या एकाच पातळीवर राहिले तर दोन्हींना एकदम हात लागला तरी झटका बसत नाही. चार एमएमची वायर आणि एक चांगली क्लॅम्प, एवढंच काम. गंजावर क्लॅम्प लावू नये, आधी घासून चकचकीत करावं.

इथवर काय ठरलं: पाण्याचा दाब बघायचा, मेनला भार झेपतो का बघायचा, जुना पॉइंट विसरायचा, १० एमएमची स्वतंत्र लाइन, ४०चा एमसीबी, ३० मिलिअँपचा आरसीसीबी आणि आकड्यात मोजलेलं अर्थिंग. राहिला स्विच.

शॉवर प्लग-सॉकेटवर चालवायचा नाही. १६ अँपचा प्लग ३३ अँपला वितळतो, त्यात नवल नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डीपी स्विच हवा, ४५ अँपचा, नीऑन दिवा असलेला. जुन्या घरात फेज आणि न्यूट्रल कुठेतरी उलटे झालेले असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून एकच टोक तोडणारा स्विच इथे पुरत नाही. जागेबद्दल आंतरराष्ट्रीय मानकांत बाथरूमचे पट्टे आखलेले आहेत. टब किंवा ट्रे असेल तर त्याच्या वरची २.२५ मीटर उंचीपर्यंतची जागा पहिल्या, कडक पट्ट्यात येते आणि त्याच्या कडेपासून पुढचे ६० सेंटिमीटर दुसऱ्या पट्ट्यात. ट्रे नसलेल्या, थेट फरशीवर आंघोळ करायच्या बाथरूममध्ये तो कडक पट्टा शॉवरच्या तोंडापासून १.२० मीटरपर्यंत पसरतो. छोट्या बाथरूममध्ये म्हणजे जवळजवळ सगळी खोलीच त्यात आली. म्हणून मी स्विच सरळ दाराबाहेर लावतो. ओल्या हाताने स्विचकडे जाण्याची सवयच लागू नये. तुमच्या भागातले नियम यापेक्षा कडक असतील तर ते पाळावे लागतील, आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच व्हायला हवं. मी इथे सांगतोय ते तुम्ही स्वतः करावं म्हणून नाही, काम होताना तुम्हाला प्रश्न विचारता यावेत म्हणून.

आता एक स्पष्ट मत. हे सगळं करण्याआधी, शॉवर अजून खोक्यात असेल तर, तो हवाच आहे का याचा विचार करा. ढोबळ हिशेब असा: एक किलोवॅटने मिनिटाला एक लिटर पाणी साधारण १४ अंशांनी तापतं. नळाचं पाणी २० अंशांचं आणि तुम्हाला ४० अंशांचं हवं असेल, तर साडेसात किलोवॅटमध्ये मिनिटाला पाच लिटरच्या थोडं वर मिळेल. कडाक्याच्या थंडीत पाणी १० अंशांवर गेलं तर तेच साडेतीन लिटर. आणि तुमचा जुना गीझर? २५ लिटरची टाकी ६० अंशांना तापवली की त्यात २० अंशांचं पाणी मिसळून ४० अंशांचं ५० लिटर पाणी होतं. म्हणजे तशाच धारेची नऊ मिनिटांची आंघोळ, नऊच अँपमध्ये, फक्त पाऊण तास आधी बटण दाबायचं. एकापाठोपाठ पाच जणांच्या आंघोळी असतील तर शॉवरला अर्थ आहे. दोन माणसांच्या घरात, ज्याचं मेन बदलावं लागणार आहे, भिंत फोडावी लागणार आहे, तिथे मी शॉवर परत करायला सांगतो. त्यात माझं काम जातं, हे खरं. मधला मार्ग म्हणून तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर सुचवणारे भेटतील. तो १३ अँपच घेतो, जुन्या पॉइंटवर कदाचित चालेलही, पण मिनिटाला दोन लिटर धारेत आंघोळ होत नाही, बादली भरते.

घ्यायचाच असेल तर काम पुरं झाल्यावर वायरमन जायच्या आधी एवढं करून घ्या. शॉवर पूर्ण शक्तीवर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. मग बोर्डातला एमसीबी, आरसीसीबी, बाहेरचा डीपी स्विच यांना बाहेरून हात लावून बघा. कोमट असतील तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर नाही. एमसीबी शेजारच्या एमसीबींना चिकटून बसवला असेल तर एका खाच्याची जागा मोकळी सोडायला सांगा, एकमेकांच्या उष्णतेने ते लवकर ट्रिप होतात. वायरमनकडे क्लॅम्प मीटर असेल तर प्रवाह मोजून एमसीबीच्या शेजारी मार्करने तारखेसकट लिहून ठेवायला सांगा. पुढे कधी तक्रार आली तर येणाऱ्याला त्या एका आकड्यावरून निम्मं कळतं.

आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याला परत बोलवा. जाड वायरच्या तारा स्क्रूखाली तापून-निवून थोड्या बसतात आणि पहिल्या दिवशी गच्च वाटलेला स्क्रू तेव्हा पाव फेरा तरी आत जातो. मेन बंद करून बोर्डात, डीपी स्विचमध्ये आणि शॉवरच्या आत, तिन्ही ठिकाणी तेवढा फेरा मारून घ्या. या फेरीचे पैसे मी आधीच पहिल्या बिलात धरतो, नाहीतर कुणी बोलावत नाही.